देल्मिराबाईंचा संडास

आमच्या पथकात एदिसन लारोसा सगळ्यांत जाड आवाजाचा ढोल वाजवतो, आणि मोंतेविदेओतला एकूण एक संडास त्याला तोंडपाठ आहे. मोठ्या आतड्याला सूज, बारा वर्षं झाली. फेब्रुवारीतल्या मिरवणुकीत दोन तास कळ काढणं त्याला जमत नाही, म्हणून वाटेवरच्या देल्मिराबाई आपला संडास त्याच्यासाठी मोकळा ठेवतात. बाकीच्यांना त्या रांगेत ताटकळत ठेवतात. एदिसन आत जातो आणि धावत येऊन आम्हाला गाठतो.

यंदा सरावात त्याचा तळहात फाटला. तो आम्हा सगळ्यांचाच फाटतो. ज्याच्या ढोलावर रक्ताचा डाग नाही त्याला आम्ही वाजवणारा म्हणत नाही. पण याचा पिकला. दवाखाना सोडून या शहाण्याने वहिनीच्या दाढेसाठी आणलेल्या, उरलेल्या कॅप्सूल गिळल्या. हात बरा झाला आणि पोट बिघडलं. दिवसाला पंधरा वेळा, तेही रक्तासकट. जुनंच दुखणं उसळलं असं समजून तो घरी पेज पीत बसला. मिरवणुकीला तीन आठवडे उरले होते आणि ही त्याची तिसावी. यंदा आला नाहीस तर जागा कायमची दुसऱ्याला, असं पथकप्रमुख मिल्तोनने बजावलं, तेव्हा तो ढोलाकडे बघून रडला. मीही रडलो, पण मी कशालाही रडतो.

शेवटी मीच त्याला ओढत दवाखान्यात नेलं. शौच तपासलं, तर त्यात एका जंतूचं विष निघालं.

"कॅप्सूलनी पोटातले भले जंतू मारले, एक गुंड तेवढा उरला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याचं विष आतड्याच्या अस्तराचे सांधे उसवतं. मग शरीराचे शिपाई धावून येतात आणि चोर सोडून घरच फोडतात. तुमचे शिपाई तर मुळातच तापट."

"म्हणजे हा जुना आजार नाही?" एदिसनने विचारलं.

"तोही आहेच. विषाने त्याला चिथावलं. आता वहिनीच्या कपाटाला हात लावायचा नाही."

त्या गुंडावरचं औषध दहा दिवस चाललं, सुजेचं नेहमीचं होतंच. हळूहळू पोट ताळ्यावर आलं.

मिरवणुकीच्या दिवशी शेकोटीवर ढोल तापवून त्याने कातडं ताणून घेतलं. देल्मिराबाईंचं घर आलं. बाई दार उघडून, नवा टॉवेल घेऊन उभ्या होत्या. एदिसन वाजवत पुढे गेला तो थेट शेवटापर्यंत. मी अर्थातच रडत होतो.

परतताना बाई दारातच होत्या, गाल फुगवून.

"इतकी वर्षं दार अडवून धरलं तुझ्यासाठी. आज ढुंकूनही पाहिलं नाहीस, मेल्या."

एदिसन खजील झाला. ढोल माझ्याकडे देऊन तो आत गेला, कडी लावली, पाणी सोडलं आणि नव्या टॉवेलला हात पुसत बाहेर आला. गरज काडीची नव्हती.