बर्फ धुऊन घेतला

"वरून ओता, बाई. तांब्या लागू देऊ नका," हेडमास्तर म्हणाले.

मी वरून ओतलं. खाली उकिडवा बसून ओंजळीनं पाणी पिणारा हमाल माझा बाप होता.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाल्ती. बदनापूरपासून तीन मैलांवरच्या एका गावात मी मास्तरीण होते. एकोणीस वर्षांची. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून जात कळत नव्हती. कुणी विचारली न्हाई. मी सांगितली न्हाई. एका वरच्या जातीच्या घरात खोली मिळाली. त्यांच्या विहिरीचं पाणी भरायची अन् रोज भ्यायची.

सातवीला द्रावण अन् मिश्रण शिकवायचं होतं. तपासणीला साहेब येणार, म्हणून हेडमास्तरांनी हौसेनं जालन्याहून रेल्वेनं बर्फ मागवला. पोरांनी बर्फ कधी बघितलाच नव्हता. बाप बदनापूर टेशनावर हमाली करायचा. माझ्या शाळेचं नाव ऐकलं अन् त्यानंच ते ओझं उचललं. लेक शिकवताना दिसंल म्हणून.

भुसा लावून गोणपाटात गुंडाळलेला बर्फ. तीन मैल डोक्यावर. पाठ सगळी भिजलेली.

"कुठला रे तू?" हेडमास्तरांनी विचारलं.

"म्हारवाड्यातला, जी."

हेडमास्तर दोन पावलं मागं सरले. बर्फ परत पाठवता येत नव्हता. साहेब येणार होते. शिपायाला म्हणाले, "धुऊन घे."

शिपायानं सगळ्या पोरांदेखत बर्फावर तीन तांबे पाणी ओतलं. बर्फ शुद्ध झाला. अन् अजून बारीक झाला.

बापानं पाणी मागितलं. शिपाई जागचा हलला न्हाई, म्हणून तांब्या माझ्या हातात आला. बापानं माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई. पिऊन झाल्यावर हात जोडले. "लई बरं झालं, बाईसाहेब."

पोटच्या पोरीला बाईसाहेब म्हणाला. मला सांभाळून घेतलं त्यानं. अन् मी घेऊ दिलं.

गोणपाट परत न्यायचं होतं. तो लिंबाखाली जाऊन बसला. मी वर्गात गेले.

एका ग्लासात मीठ टाकलं. विरघळलं. द्रावण. दुसऱ्यात वाळू. तळाला बसली. मिश्रण. तिसऱ्यात बर्फाचा खडा टाकला.

पुढं बसलेली एक पोरगी म्हणाली, "बाई, खडा येगळा दिसून राह्यला. मंग हे मिश्रण का?"

"नाही. त्याला दोन वस्तू लागतात. इथं एकच आहे. बर्फ म्हणजे पाणीच."

"विरघळल्यावर द्रावण व्हईल?"

"तो विरघळत नाही, वितळतो. पाण्याचं पुन्हा पाणीच होतं."

पोरगी उठून उभी राहिली. "मंग शिपाईमामानं पाणी पाण्यानं धुतलं?"

वर्ग हसला. मीबी हसले. खरं सांगते, हसले.

पोरगी हसली न्हाई. "मंग त्या माणसालाबी धुवायचं असतं का, बाई?"

मी हातातला ग्लास खाली ठेवला. "तो माणूस माझा बाप आहे," मी म्हणाले.

साहेबांची वाट बघत हेडमास्तर दारातच उभे होते. त्यांच्या बाजूनं मी बाहेर पळाले. लिंबाखाली कुणीच नव्हतं. बाप निघून गेल्ता. दुपारच्या गाडीचा माल उतरवायचा होता त्याला.

"तुम्ही आम्हाला फसवलंत," हेडमास्तर म्हणाले.

"फसवलं. पण तुम्हाला नाही. त्याला."

त्या संध्याकाळी माझी पेटी घराबाहेर पडली. महिनाभरात बदली झाली.

बापानं त्या दिवसाचा विषय कधीच काढला न्हाई. माफी मागितली असती तर "जाऊ दे गं येडे" म्हणून त्यानं तिथंच सोडून दिलं असतं. म्हणूनच मागितली न्हाई. मला ती सूट नको.

आता नव्या गावात गेले की खोली विचारायच्या आधी बापाचं नाव सांगते. जात सांगते. तो टेशनावर हमाली करतो, हे सांगते. मंग कुणी दार लावलं तर शाळेच्या व्हरांड्यात झोपते. पण खोटं बोलून एक दिवससुदिक कुणाच्या घरात राहणार न्हाई.