धारेचं दूध

नवऱ्याचा ताप मोठा लबाड होता. सकाळी उतरायचा, नवरा टोमॅटोच्या प्लॉटवर जायचा. दिवस कलला की हुडहुडी, घामानं गोधडी चिंब, कंबर आणि गुडघे धरलेले. ओझरजवळच्या आमच्या वस्तीवर लोक म्हणायला लागले, "तोडणी आली की ह्याला बरा ताप येतो, राव." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सासूबाईंचं औषध ठरलेलं. आमच्याकडे अशक्त माणसाला उकळलेलं दूध देत नाहीत, उकळलं की त्यातला जोर जातो म्हणतात. रोज पहाटे त्या गाईच्या सडाखाली पेला धरायच्या आणि फेसासकट पोराच्या हातात द्यायच्या. "पी, कोमट हाय तवर." बाकी आम्ही सगळी चहावर.

टायफॉइड समजून गोळ्या झाल्या, सलाइन झालं. कपडे अंगावर ढगळ व्हायला लागले. मी घाबरले होते, सरळच सांगते. शेवटी नारायणगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरची एखादी गाय गाभडलीय का? गर्भ पडलाय का तिचा?"

नवरा म्हणाला, "व्हय. वार अडकली व्हती. मीच हात घालून काढली."

"हातमोजे?"

तो हसला. मग त्यांनी दुधाचं विचारलं आणि मी पेल्याचं सांगितलं. रक्त तपासलं तर ब्रुसेलोसिस. जनावराचा आजार, गाभडलेल्या गाईच्या वारेतून माणसाला लागतो, कच्च्या दुधातूनही. उकळलं की त्याचे जंतू मरतात.

घरी हे सांगायचं माझ्यावर आलं. सासूबाई भाकरी थापत होत्या, हात थांबला.

"म्हंजी मीच पाजत व्हते?"

"वारेतूनच झाला असंल, आई," मी म्हणाले. त्यांनी ते ऐकलंच नाही.

गाय लांब बांधावर बांधली. तिचं दूध बंद. व्यापारी न्यायला तयार होता, पण सासूबाईंनीच विकू दिली नाही. "दुसरीच्या पोराला कशाला?" एवढंच म्हणाल्या.

गोळ्या बरेच दिवस चालल्या. ताप हटला, नवरा पुन्हा दिवसभर प्लॉटवर राबू लागला. आता दूध दुसऱ्या, तपासून घेतलेल्या गाईचं. सासूबाई ते उकळतात, निववतात, पुन्हा उकळतात. "आई, बासुंदी झाली की ह्याची," नवरा चिडवतो. त्या हसत नाहीत. आधी अर्धा पेला स्वतः पितात, चुलीपाशी थोडा वेळ बसून राहतात आणि मग त्याला हाक मारतात.