कुमुदची हवेची बंदूक

शैलाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ताई गेली गं… सकाळी, झोपेतच." शैला म्हणजे कुमुदची धाकटी बहीण. त्या फोनला आता दीड महिना होईल. कुमुदवर लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं. पण आठवली ती जुहूची संध्याकाळ!

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघी व्हॉल्व्हची ड्रॉइंग काढायचो. कुमुदचा डावा हात लहानपणी पोलिओने अधू झालेला, पण उजव्या हाताची रेघ अशी की साहेब पट्टी लावून बघत नसत. एकदा जुहूला भेळ खाऊन परत निघताना ती फुगे फोडायच्या स्टॉलपाशी थांबली. तिथली बंदूक दर वेळी मधून वाकवून ताणावी लागे, त्याला दोन हात हवेत. कुमुद ती गुडघ्यांत धरून खटपट करत होती, तेवढ्यात स्टॉलवाल्याने काढून घेतली, ताणली, वर तिच्या खांद्याला लावून नेमही धरून दिला. फुगा फुटला. कोणी हसलं नाही, उलट लोक कौतुकाने बघत होते… तेच तिला लागलं. बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "फुगा त्याने फोडला. मी नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. "ताणावीच लागणार नाही अशी बंदूक करू. हवा आधीच भरलेली, आपण फक्त सोडायची!" पितळी नळी, कारखान्यात नापास झालेला एक व्हॉल्व्ह, सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे, सगळं पंधरा दिवसांत जमलं. अडलं ते हवेपाशी. ती जुहूपर्यंत न्यायची कशात? सायकलचा पंप मारायला पुन्हा दोन हात. मग घाटकोपरच्या एका सोडावाल्याकडे गेलो. त्याच्या सिलिंडरवरचा दाब वाचून कुमुद म्हणाली, "आपली नळी फुटली तर आपण दोघी उडून थेट ठाण्याला!" शेवटी घरी सोडा करायच्या बाटलीला लागतात ती अंगठ्याएवढी गॅसची नळकांडी मिळवली. पहिले दोन बार झकास. तिसऱ्याला नळकांडं बर्फासारखं गार पडून दाबच गेला, आणि छर्रा तिच्याच चपलेवर पडला. मी म्हटलं, "सोड ना यार, कुमुद." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली बघते तर ही आमच्या सोसायटीच्या आवारात, माझ्या नवऱ्याच्या स्कूटरकडे टक लावून उभी. मला बघताच ओरडली, "अगो, हवा तर हंय आसा!" आनंद झाला की ती घरचं मालवणी बोलायची. बोट स्टेपनीवर होतं. पेट्रोल पंपावर भरून मिळणारी, बेताच्या दाबाची, पिशवीतून नेता येणारी हवा!

रविवारी स्टेपनी मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाई, स्कूटर कुठाय?" कुमुद म्हणाली, "मागून येतेय."

स्टॉलवाल्याने विचारलं, "ये क्या लाया?" "बंदूक माझी, फुगे तुझे," कुमुद म्हणाली. तो हसून बाजूला झाला. तिने बंदूक फळीवर टेकवली, नेम धरला आणि… फुस्स! स्टेपनीतून बंदुकीत हवा आणणारी रबरी नळी निसटली होती. मी पुढे झाले तर म्हणाली, "हात लावू नकोस." नळीचं टोक दातांत धरून तिने ते घट्ट बसवलं, पुन्हा नेम धरला. फट्ट! लाल फुगा गेला. मग पिवळा. मग एक चुकला, मग ओळीने तीन! मी भर चौपाटीवर उड्या मारत होते. स्टॉलवाला म्हणाला, "बाई, मेरे को एक बार दो ना." त्याचा नेम चुकला, आणि कुमुद अशी हसली की तिला फळीवरच बसावं लागलं.

परवा शैलाकडे गेले होते. कुमुदच्या कपाटात तिला एक ट्रेसिंग पेपरची गुंडाळी सापडली होती. उलगडली तर आमची बंदूक, स्टेपनीसकट, प्रत्येक माप घालून शाईने काढलेली. खालच्या चौकटीत 'रेखाटन' समोर कुमुदची सही. 'तपासणी' समोर तिच्या वळणदार अक्षरात माझं नाव, आणि सहीची जागा कोरी. मला तिने हे कधी दाखवलंच नव्हतं…

"खरंच उडायचा छर्रा यातून?" शैलाने विचारलं.

मी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि सही केली.