सखूमावशीचं कार्ड

आम्हा आशाताईंच्या पिशवीतल्या गोळ्या संपतात, किस्से काही संपत नाहीत बघा! चौघी भेटलो की निघालेच. त्यातले माझे निम्मे एकट्या सखूमावशीचे. वरवंडजवळच्या आमच्या वस्तीवर राहायची. आधी मेंढरं राखायची, मग लोकांच्या रानात कांदा काटायची, म्हणजे काढलेल्या कांद्याची पात-मुळं कापायची. तिच्या छातीत गाठ झाली होती आणि ती वेळेत कुणीतरी बघावी म्हणून माझी पळापळ चालली होती.

*

गावात आरोग्य शिबिर झालं. मंडप, फेटे, भाषणं, फोटो! मावशीला मी हाताला धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, आज फक्त डोळे." तपासून चष्मा दिला. मावशी तो लावून म्हणते, "बरं झालं बया, आता गाठ तरी नीट दिसंल!" सगळ्या हसलो. मीही हसले, त्याची आता लाज वाटते.

*

मग दौंडकडच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं सोनोग्राफीचं मशीन होतं, डॉक्टर नव्हते. तिथली नर्स म्हणाली, "शिरूरकडं जा." गेलो. तिकडच्या दवाखान्यात डॉक्टर होते, मशीन बंद! एसटीत मावशी म्हणाली, "आगं, त्या मशीनचं आन् डाक्टरचं एकदा लगीन लावून द्या की कुणीतरी!" कंडक्टरसुद्धा हसला.

*

तुम्ही म्हणाल, तक्रार कर. डोंबलाची तक्रार! अहो, मी स्वतः दवाखान्याच्या समितीवर होते. एक बाई हवी, एक बौद्धवस्तीतलं हवं. माझ्यात दोन्ही भागलं. मीटिंगचं बोलावणं मात्र कधीच नाही. शिपाईमामा रजिस्टर घरी आणायचे. "ताई, सही."

एकदा वाचलं. 'सदस्यांनी सेवेबद्दल समाधान व्यक्त केले.'

"मामा, कुणी केलं हो समाधान?"

"तुम्हीच की!"

त्या दिवशी सही केली नाही. पुढं रजिस्टर आलंच नाही.

*

शेवटी पुण्यात खाजगीत दाखवलं. कॅन्सर. ऑपरेशनला तीन लाख, नाहीतर फुकट उपचाराच्या सरकारी योजनेचं कार्ड आणा म्हणाले. मावशी बाहेर येऊन बाकावर बसली. "पोरी, तीन लाखाची बाई हाय व्हय मी?" मला रडूच आलं.

*

कार्डाला अंगठा लागतो. कांदा काटून काटून मावशीचा अंगठा पार गुळगुळीत, मशीन घेईचना! मोबाईलवर ओटीपी मागवावा, तर आधारला मोबाईल जोडलेला नाही. जोडायचा तर परत अंगठा! खेपा घालून चपला झिजल्या. कार्ड काढून देणारे केंद्रवाले भाऊ म्हणाले, "मावशी, महिना-दीड महिना काम बंद ठेवा. रोज तेल चोळा. रेषा परत येतात."

"आन् खाऊ काय? त्याल?"

दुसऱ्या दिवशी ती रानात हजर.

पुढं मावशीनं अंथरुणच धरलं. तीन महिने कांद्याला हात नाही. मी भाऊंच्या हातापाया पडून त्यांना मशीनसकट वस्तीवर आणलं. मावशीला दोघींनी धरून बसवलं, मी तिचा अंगठा मशीनवर टेकवला. पहिल्याच झटक्यात टिंग!

भाऊ खूश झाले. "बघा मावशी, मी म्हटलं नव्हतं? आराम केला की येतोच!"