तेलाशिवाय परतलेला कांदा

मी कोल्हापूरची, मटण मला कुणी शिकवलेलं खपत नाही. पण आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी इथिओपियन शेजारीण रिफात मटण आणि मसूरडाळीचा रस्सा करायची, आणि त्याच्या नुसत्या वासानेच माझा तोरा उतरला. एका शुक्रवारी मी तिला तो रस्सा मला शिकवायला बोलावलं. सवयीने मी आधी तेलाची बाटली उचलली, तर तिने ती माझ्या हातातून काढूनच घेतली. "तेल मफी!" मफी म्हणजे अरबीत नाही. आधी किलोभर कांदा कोरड्या पातेल्यात तासभर परतायचा, तेल मागाहून. माझा दंड भरून आला, मी चिडले, पण कांदा लागू दिला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी एकटीने रस्सा केला आणि तिला जेवायला बसवलं. तिने सोबत आणलेल्या आंबोळीसारख्या आंबट पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला. मग दुसरा, चांगला मोठा घास केला आणि माझ्या तोंडात भरला. ज्याला मान द्यायचा त्याला त्यांच्याकडे असा आपल्या हाताने घास भरवतात. जितका मान, तितका घास मोठा. तो गिळेपर्यंत मला बोलता येईना. एरवी मला गप्प करणं अजून कुणाला जमलेलं नाही.