बाळ येशूचं बारसं

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही मयूर विहारच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या सासऱ्यांना झाला होता आणि सगळ्यात कमी सासूबाईंना. सासऱ्यांनी उभा जन्म केंद्र सरकारच्या नोकरीत आणि सरकारी भिंतींत काढला होता. आता निवृत्तीनंतर ते स्वतःच्या भिंतीत स्वतःच्या हातानं खिळा ठोकत होते. सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. घर आपलं झालं, पण आजूबाजूचं कुणी आपलं राहिलं नाही, असं त्या येईल त्याला सांगायच्या. क्वार्टरमध्ये दार उघडलं की चार मराठी घरं दिसायची. हळदीकुंकवाला जागा पुरायची नाही. इथं चौथ्या मजल्यावर दार उघडलं की समोर कुलूप दिसायचं, कारण समोरचे नवरा-बायको दोघंही नोकरीला.

ती नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. नोएडात रोज कुठल्या तरी कंपनीची नवी पाटी लागत होती आणि तशाच एका कंपनीत मला अकाउंट्समध्ये नोकरी लागली. सकाळी चार्टर्ड बस सोसायटीच्या गेटपाशी यायची. प्रश्न होता मुलाचा. तो अडीच वर्षांचा, एका जागी बसणारा नव्हे, आणि सासूबाईंचे गुडघे दुखायचे. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि वीज तर रोजच जायची.

आमच्या गेटसमोर रस्ता ओलांडला की एक चर्च होतं. मनोरा वगैरे काही नाही. बिनगिलाव्याच्या विटांची भिंत, पत्र्याचं छप्पर आणि मागच्या बाजूला एक लांबट हॉल. रविवारी सकाळी तिथं हिंदीत प्रार्थना व्हायची, दुपारी मल्याळममध्ये. शनिवारी एक डॉक्टर बसायचे, संध्याकाळी यमुनेकाठच्या झोपड्यांतली मुलं अभ्यासाला यायची. आमच्या सोसायटीची पहिली सभासुद्धा त्याच हॉलमध्ये झाली, कारण आमचा कम्युनिटी हॉल तेव्हा फक्त नकाशात होता. चर्चचे पाद्री छोटा नागपूरकडचे, सडपातळ, हळू बोलणारे. त्यांच्या बायकोनं त्या हॉलमध्ये नोकरदार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं होतं. मी जाऊन बघून आले, नवऱ्याला सांगितलं, त्याला पटलं. सासूबाईंना बिल्कुल पटलं नाही.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत आपला राहील, नाताळपर्यंत त्यांचा होईल.” आणि पहिल्या दिवशी मी मुलाला सोडून बसमध्ये बसले तर काचेतून दिसलं की सासूबाई चर्चच्या फाटकाशी बाकावर येऊन बसल्या आहेत. हातात पाण्याची बाटली, अंगावर शाल. पहारा करायला आल्या होत्या.

आठवडाभर त्या अशा बाकावर बसल्या. मग थंडी वाढली. पाद्रीणबाईंनी एक खुर्ची आणून हॉलच्या पायरीवर उन्हात ठेवली आणि सासूबाईंना आत यायची विनंती केली. त्या आत आल्या. दुसऱ्या दिवशी पाद्रीणबाई मटार सोलत बसल्या होत्या. दिल्लीत त्या दिवसांत घराघरात मटारांचे ढीग पडतात आणि सोलणाऱ्या बाईसमोर रिकाम्या हातानं बसणं सासूबाईंना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी मूठभर शेंगा ओढून घेतल्या. तिथून पुढे पहारा संपला.

महिन्याभरात चित्रच बदललं. मी संध्याकाळी मुलाला आणायला जायची, तर हॉलमध्ये सगळी मुलं, कुणी केरळची, कुणी पंजाबची, एक-दोन नागालँडची, सासूबाईंना ‘आजी’ म्हणत असायची. जेवायच्या आधी ‘हात धुवा’ असं एका सुरात ओरडायची. माझ्या मुलाचं मराठी दिल्लीत पातळ होणार अशी मला काळजी होती. इथं उलट एक पंजाबी बँकवाले मला विचारायला आले, की त्यांची मुलगी घरी ‘पसारा, पसारा’ म्हणत फिरते, ते काय असतं.

सासूबाईंचा विशेष जीव एका बाळावर होता. त्याच भागात राहणारी एक मल्याळी नर्स सकाळच्या ड्यूटीला जाताना तिची चार महिन्यांची मुलगी तिथं ठेवायची. नवरा कुवेतला, माहेर-सासर केरळात. बाळाला बघायला अजून घरचं कुणी आलं नव्हतं. बाप्तिस्माही बाप सुट्टीवर येईल तेव्हा करायचा म्हणून राहिला होता. ती बाळाला टेबलावर टोपलीत निजवून जायची. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, “म्हणायचं पाळणाघर, आणि पाळणा एकही नाही.”

नाताळ आला. हॉलमध्ये मुलांचं नाटक होतं आणि त्यात बाळ येशू म्हणून याच मुलीला घेतलं होतं. फळांच्या लाकडी पेटीत गवत घालून गव्हाण केली होती. सासूबाईंना ते गवत आणि ती थंडी बघवेना. पडदा उघडायच्या आधी त्यांनी जाऊन बाळाला स्वतः विणलेली लाल कानटोपी घातली, त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे बाळ येशू लाल कानटोपीत जन्मले. माझा मुलगा मेंढी होता. बाळ एकदा मोठ्यानं शिंकलं, तेव्हा देवदूत झालेली मुलगी हसायला लागली आणि पुढचं सगळं विसरली. लोकांनी टाळ्या वाजवून तिला सांभाळून घेतलं. मग गाणी झाली, केक वाटला गेला, आम्ही रस्ता ओलांडून घरी आलो.

जिना चढताना सासूबाई मध्येच थांबल्या. मला वाटलं गुडघे. पण त्या विचारात होत्या.

“अगं, बाळ जन्मलं, गाणी झाली, केक खाल्ला आणि सगळे घरी गेले,” त्या म्हणाल्या. “बारसं कधी करतात?”

मी म्हटलं, मला नाही माहीत, करत नसतील. ते उत्तर त्यांना चाललं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाद्रीसाहेबांना गाठलं आणि त्यांच्या त्या खास हिंदीत आधी बारसं म्हणजे काय ते समजावलं आणि मग विचारलं. पाद्रीसाहेब उठले. मग आतून बायबल घेऊन आले आणि त्यांनी वाचून दाखवलं, की आठव्या दिवशी बाळाचं नाव येशू ठेवलं. नाताळपासून आठवा दिवस म्हणजे एक जानेवारी. दर वर्षी नववर्षाच्या प्रार्थनेत आपण हे वाचतो, पण आजवर कुणी येऊन असं विचारलं नव्हतं, असं ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, आमच्यात बाराव्या दिवशी करतात, पण त्यांच्यात आठव्या असेल तर आठव्या.

म्हणजे करायचं हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पाद्रीसाहेबांनाही ते आवडलं. अडचण आली ती एका वडीलधाऱ्या सभासदांकडून. ते सैन्यातून निवृत्त झालेले पंजाबी गृहस्थ होते, दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडायचे. ते भांडले नाहीत, पण चर्चच्या रिवाजात हे बसत नाही, आज बारसं, उद्या आणखी काही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पाद्रीसाहेबांनी ऐकून घेतलं. प्रार्थना नेहमीसारखीच होईल आणि हे मागच्या हॉलमध्ये नंतर होईल, असं सांगितलं. मग म्हणाले, “नाम तो रखा ही गया था. किसी ने तो उस दिन बच्चे को गोद में लिया होगा.”

 ते गृहस्थ हॉलमध्ये खुर्च्या किती लागतील तेवढं विचारून गेले.

मग तयारी. सासूबाईंना आत्या हवी होती, कारण बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. त्यांनी पाद्रीसाहेबांना विचारलं, की योसेफला, म्हणजे बाळ येशूच्या वडिलांना, बहीण होती का. पाद्रीसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की बायबलमध्ये तसा उल्लेख नाही. “उल्लेख नाही म्हणजे नव्हतीच असं थोडंच आहे,” सासूबाई मला घरी म्हणाल्या आणि पाद्रीणबाईंना आत्या नेमून मोकळ्या झाल्या.

पाळणा करोल बागेत होता. सरोजिनी नगरातल्या मराठी बायकांचा एक सामायिक लाकडी पाळणा होता. ज्या घरी बाळ, त्या घरी तो जायचा. माझा मुलगाही त्यातच निजला होता. शेवटी तो करोल बागेत एकीच्या लेकीकडे गेला होता. मी आणि सासूबाई जाऊन तो घेऊन आलो. ऑटोवाल्यानं तो टपावर दोरीनं बांधला आणि निघताना विचारलं, “माताजी, किसके घर खुशी है?”

सासूबाई म्हणाल्या, “गिरजाघर में.”

ऑटोवाला यमुनेच्या पुलापर्यंत आरशातून आमच्याकडे बघत राहिला. फाटकाशी पाळणा उतरवून घेताना मात्र त्यानं त्या पत्र्याच्या छपराकडे बघून हात जोडले.

एक जानेवारीला एवढं धुकं होतं की आमच्या गेटवरून चर्च दिसत नव्हतं. तरी सरोजिनी नगरहून सासूबाईंच्या सगळ्या मैत्रिणी बस बदलत आल्या. त्यांना सासूबाईंनी फोन करून फक्त बारसं आहे एवढंच सांगितलं होतं. बिचाऱ्या मला दुसरं बाळ झालं असं समजून झबली-टोपडी घेऊन आल्या होत्या. जरीच्या साड्या, वरून स्वेटर, पायांत मोजे. खरा प्रकार कळल्यावर त्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एक म्हणाली, आता आलोच आहोत तर ज्याचं असेल त्याचं करू.

पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. बाळाला पुन्हा तीच लाल टोपी. मग बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि पाळण्याखालून-वरून नारळ एकीकडून दुसरीकडे द्यायची वेळ आली. तिथं सगळ्या अडल्या. त्या वेळी देवांची जी नावं घेतात ती इथं कशी घ्यायची? सासूबाईंनी फार वेळ लावला नाही. “कुणी बाळ घ्या, कुणी बाळ द्या,” असं त्यांनी म्हटलं आणि मल्याळी, पंजाबी, नागा सगळ्या बायकांनी ते तसंच उचललं. उच्चार प्रत्येकीचा वेगळा होता. नारळ फिरत राहिला.

म्हणायचा पाळणाही सासूबाईंनी स्वतः रचला होता. साधाच होता. गोठ्यातली थंडी, वाटेनं थकलेली आई, जनावरांच्या श्वासाची ऊब. सरोजिनी नगरच्या बायकांनी नेहमीच्या चालीत तो धरला. अर्थ न कळताही हॉल शांत झाला होता. तो संपल्यावर त्या नर्सनं, कुणी सांगितलं नसताना, हळू आवाजात तिच्या भाषेतलं अंगाईगीत म्हटलं. तिच्या आईनं तिला म्हटलेलं असणार.  सासूबाईंनी पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली.

मग पाद्रीणबाईंनी वाकून बाळाच्या कानात येशूचं नाव सांगितलं आणि शिकवल्याप्रमाणे ‘कुर्र’ म्हटलं. पुढचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्या मराठी बायकांनी एकदम त्यांच्या पाठीवर धपाधप बुक्के मारले. पाद्रीणबाई घाबरून पाद्रीसाहेबांकडे बघायला लागल्या आणि दारात उभे असलेले ते पंजाबी गृहस्थ सोडवायला धावत पुढे आले. रिवाज आहे म्हटल्यावर ते थांबले, आणि मग इतके हसले की त्यांना त्यांनीच मांडलेल्या खुर्चीवर बसावं लागलं. बाळ या सगळ्यात झोपलेलं होतं.

गोंधळ निवल्यावर मी बघितलं, सासूबाई पाळण्यात वाकून बाळाच्या दुसऱ्या कानात काहीतरी सांगत होत्या. नर्सनं विचारलं, क्या बोला आजी? सासूबाई म्हणाल्या, “ते तिचं तिला सांगितलं. त्यांचं झालं, मग हिचं नको का?” मी त्याचं हिंदी करून सांगितलं. नर्सनं सासूबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ते नाव काय होतं ते सासूबाईंनी मलासुद्धा सांगितलं नाही.

घुगऱ्या आणि केक एकाच द्रोणात वाटले गेले. पाळणा परत गेला नाही, तो पाळणाघरातच राहिला आणि ती मुलगी त्यात मावेनाशी होईपर्यंत त्यात झोपली. ईस्टरला तिचे वडील कुवेतहून आले, बाप्तिस्मा झाला, सासूबाई पहिल्या रांगेत जरीची साडी नेसून बसल्या होत्या. त्या पाद्रीसाहेबांची पुढे रांचीकडे बदली झाली. नवे आले, तेव्हा सासूबाई मटार घेऊन त्यांना बघायला गेल्या. एक जानेवारीचं बारसं त्यांच्या काळातही चालू राहिलं.

पण मला आठवतो तो पहिल्या बारशानंतरचा दुपारचा एक तास. धुकं विरून ऊन पडलं होतं. सरोजिनी नगरच्या मैत्रिणींना आमचं नवं घर बघायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, घर काय, चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्टही बंद असेल, सावकाश बघू. आणि मग त्यांनी सगळ्यांना हॉलभर फिरवलं. मुलांची चित्रं, डॉक्टरांचं कपाट, मागची मोरी, पायरीवरची उन्हातली खुर्ची. मैत्रिणीही क्वार्टरमधल्या एखाद्या नव्या घरात यावं तशा सगळं बघत होत्या, कपाटाच्या दाराला हात लावून बघत होत्या. एकीनं मोरीत पाणी किती वाजता येतं ते विचारलं, आणि सासूबाईंना ते माहीत होतं.