ज्याने शेपूट सोडलं नाही

झेली ओशार तीस वर्षं सायकलवरून गावाची पत्रं वाटत होती. निवृत्तीनंतर तिला वर्षातून एकच काम उरलं होतं: जूनच्या पहिल्या रविवारी सगळ्या गावासमोर चिखलात पडणं.

दोष आजोबांचा. १९१० साली अनातोल ब्रिस्सेने गावाच्या कुरणातून विमान उडवलं. तेव्हा इंजिन तापेपर्यंत चार माणसं विमानाचं शेपूट धरून ठेवत आणि वैमानिकाने हात वर केला की सोडत. अनातोलने हात वर केला, तिघांनी सोडलं. चौथ्याला, म्हणजे झेलीच्या आजोबांना, देझिरे ओशारला वाटलं, हा निरोप घेतोय. निघालेल्या माणसाला असं एकदम सोडणं त्याला बरं दिसेना. नऊ सेकंद तो शेपटाला लोंबकळत गेला आणि विमान नाकावर आपटलं. त्या दिवसापासून ओशार म्हणजे गावाच्या गळ्यातलं लोढणं. शाळेत झेलीलासुद्धा मुलं लोढणंच म्हणायची.

कुरणातल्या स्मारकाच्या दगडी पाटीवर एकट्या अनातोलचं नाव. आजोबांचंही घाला, असे एकोणीस अर्ज झेलीने स्मारक समितीला दिले. समितीचं उत्तर ठरलेलं: देझिरेचे पाय हवेत होते हे मान्य, पण त्याचे लाकडी बूट जमिनीवरच राहिले होते, सबब त्याने उड्डाण केलं असं म्हणता येत नाही.

त्या उड्डाणाच्या वार्षिक उत्सवाला मात्र ओशार लागायचाच. बिनइंजिनाचं कापडी विमान सहा जण उतारावरून ढकलायचे, आत मेयर बसायचे, आणि शेपूट धरून ओशार फरफटत जाऊन चिखलात पडायचा. तो पडल्याशिवाय बियरचं पिंप उघडत नसे. वडील गेल्यावर हा मान झेलीकडे आला.

यंदा समितीच्या नकाराखाली एक ओळ जास्त होती: कृपया स्वच्छ एप्रन घालून पडावे.

मेयर गास्पार मेयरपदाचा तिरंगी पट्टा लावून विमानात चढत होता. झेली त्याला म्हणाली, "गास्पार, आज तू हात वर केलास की मी सोडणार."

"अगं, मग उत्सव कसला?"

"अनातोलचा. पाटीवर तोच आहे ना?"

"तुझे गुडघे दुखतायत, झेली. सरळ सांग ना."

"तू नापास झाल्याची शाळेची पत्रं मी तुझ्या आईच्या हातात पडू दिली नाहीत. माझ्या गुडघ्यांवर बोलू नकोस."

गास्पार हसला आणि त्याने हात वर केला. झेलीने सोडलं.

विमान उतारावरून सुसाट गेलं, बांधाला धडकून उसळलं आणि खरोखरच उडालं. बॅन्डवाल्यांना फक्त पडण्याची धून येत होती, म्हणून ते गप्प बसले. कोणीतरी मोजलं, अकरा सेकंद. मग विमान बांधापलीकडे दिसेनासं झालं आणि मोठा धप्प आवाज आला.

पलीकडे कालवा होता. अनातोलच्याही आधीपासूनचा कालवा, सगळ्यांना पाठ. पण विमान तिथवर जाईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांत आधी झेली धावली. पट्ट्याला धरून तिने गास्पारला काठावर ओढला तेव्हा त्याच्या टोपीवर शेवाळ होतं आणि दात वाजत होते.

घोंगडीत बसून तो बांधापासून पाण्यापर्यंतचं अंतर नजरेने मोजू लागला.

"झेली, अनातोलला पोहता येत होतं?"

"छे. आंघोळीलासुद्धा घाबरायचा म्हणे."

"आणि त्याच्या विमानाला इंजिन होतं."

"होतं."

"म्हणजे तो सुटला असता तर थेट इथे, मधोमध." गास्पारने नाक शिंकरलं. "समितीचे कोण कोण आहेत इथे? सगळे? मग इथेच बैठक धरा."

पाथरवटाने पुढच्या आठवड्यात अनातोलच्या नावाखाली एक ओळ कोरली: देझिरे ओशारने सोडलं नाही, म्हणून अनातोल वाचला.

देझिरे मरेपर्यंत चारचौघांत ते न सोडणारे हात खिशात लपवून वावरला होता, घरच्या लग्नातसुद्धा. झेलीने त्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि भर दुपारी कुरणात उभी राहून ती आजोबांसाठी रडली.